निळ्या पेनाने समासात उत्तर लिहिणाऱ्यास

वाचनालयाच्या पुरवणीवर शब्दकोड्याचे शेवटचे उत्तर लिहून निघून जाणाऱ्या वाचकास,

पेन तुमचे निळे आहे, टोक जरा गळके आहे आणि तुमची वेलांटी शेवटी शेपटासारखी ओढली जाते. तुमच्याबद्दल मला एवढेच ठाऊक आहे. तुमचे नाव, वय, तुम्ही बाई की पुरुष, काहीच माहीत नाही. म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे. सलग तीन रविवार जळगावातल्या आमच्या वाचनालयात येणाऱ्या पुरवणीवर, शब्दकोड्याच्या खालच्या समासात, तुम्ही शेवटचे उत्तर लिहून गेलात. कोड्यातला एकही चौकोन तुम्ही भरला नव्हता. ना आडवा शब्द, ना उभा. गोल केलेल्या चौकोनांतली अक्षरे जुळवून जो दडलेला शब्द निघायचा असतो, तेवढाच तुम्ही ठळक लिहिलात, त्याखाली दोन रेघा मारल्यात आणि उठून गेलात. मी याला चोरी म्हणते. शब्द जपून वापरायची मला सवय आहे आणि तो जपूनच वापरला आहे.

नव्या माणसाला आमच्या टेबलाची रीत कळायला दोन रविवार पुरतात. पुरवणी एक आणि सोडवणारे वीस-पंचवीस. म्हणून छापील कोड्यावर कुणी लिहीत नाही. चौकट आपल्या वहीत उतरवून घ्यायची, काळे चौकोन पेन्सिलीने गिरवायचे, आकडे टाकायचे आणि पुरवणी पुढच्याच्या हातात द्यायची. रिक्षा चालवणारे एक काका औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चौकट काढतात. स्पर्धा परीक्षेची मुले अभ्यासिकेतून अर्धा तास काढून येतात आणि विचारतात, “ताई, सात उभा आला का?” काय आला, असे कुणी विचारत नाही. आला की नाही एवढेच सांगायचे, ही रीत कुठल्या भिंतीवर लावलेली नाही. तरी ती पाळली जाते, कारण त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा स्वतःच्या डोक्याने काहीतरी पुरे करायचे असते. अनेकांच्या आठवड्यात तेवढे एकच काम पुरे होते. त्यावर तुम्ही शाई ओतलीत.

ठेवणीतली वही बाईंच्या पिशवीत असते. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. टेबलावरच्या निम्म्या लोकांना बाराखडी त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर कात्रणे चिकटवलेली आहेत: बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावे पुरवणीत गावासकट छापतात, त्या बारीक टाइपातल्या याद्या. त्या तिसऱ्या रविवारी बाईंनी सकाळीच चौकट उतरवली होती. ‘आकाश’, दोन चौकोन: नभ. ‘चाकरी’, तीन चौकोन: नोकरी. ‘जेवायला बसलेल्यांची रांग’, तीन चौकोन: पंगत. गोल चौकोन तीनच होते. पहिल्या शब्दातला भ, दुसऱ्यातली री, तिसऱ्यातला त. तिन्ही अक्षरे बाईंच्या वहीत जागच्या जागी होती. एक सूत्र पुन्हा बघावे म्हणून त्यांनी पुरवणी हातात घेतली आणि समासात तुमचा शब्द दिसला: भरती. मी शेजारी बसले होते. बाईंनी खोडरबर काढले. नोकरीची वेलांटी पुसून नोकर केला, पंगतला वेलांटी देऊन पंगती केली. चौकोन तेवढेच, शब्द बसले. “चाकरी म्हणजे नोकर कसा?” त्या पुटपुटल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, “छपाईची चूक असेल.” त्याच दिवशी त्यांनी पोस्टकार्ड टाकले. पुढच्या रविवारी उत्तर छापून आले, भरीत. यादीत बाईंचे नाव नव्हते. “मला आधी आलं होतं गं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि वही पिशवीत घातली.

वाचली होती का तुम्ही शेवटच्या शब्दाची सूचना? ‘या दिवसांत खान्देशात घरोघरी याचीच चर्चा.’ तुम्हाला भरती का सुचली ते मला समजते. पहाटे मैदानावर धावणारी मुले, घराघरांतले अर्ज, छातीची मापे, वयाची मर्यादा, हे मीही रोज बघते. ती चर्चा खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण सूचनेत ‘याचीच’ असे छापले होते. भरती ही ती आहे. तिच्याबद्दल लिहायचे असते तर कोडेकाराने ‘हिचीच’ लिहिले असते. भरीत ते आहे, म्हणून ‘याचीच’. एका सर्वनामात कोडेकाराने उत्तराची वाट दाखवून ठेवली होती. ज्या बाईंनी जन्मभर मुलांना लिंग-वचन शिकवले, त्यांच्या हे ध्यानात आले नाही, कारण डोळ्यांसमोर निळ्या शाईत, दोन रेघांवर, ठामपणे लिहिलेला शब्द होता. पेन्सिलीने लिहिलेल्या स्वतःच्या शब्दावर शाईतला परका शब्द भारी पडतो. हे वजन तुम्ही वापरलेत, आणि ते तुमचे नव्हते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र तुमच्या चुकीने झालेले नाही. आधीच्या दोन रविवारी तुमचे उत्तर बरोबर होते: सोनकेळी आणि पांझरा. म्हणून तर तिसऱ्या वेळी लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. मी धुळ्याची. पांझरा माझ्या लहानपणाची नदी. त्या रविवारी माझ्या वहीत मधला झ आला होता, बाकी दोन चौकोन रिकामे होते आणि मी मुद्दाम सावकाश चालले होते. पाण्याच्या आवाजासारखे काहीतरी मनात येऊ लागले होते. मग पुरवणी माझ्याकडे आली आणि नदी समासात आयती लिहिलेली होती. उरलेले उभे-आडवे शब्द मी भरलेच नाहीत. इंग्लंडात किट विल्यम्स नावाच्या चित्रकाराने १९७९ साली ‘मास्करेड’ हे पुस्तक काढले. त्यातल्या चित्रांत एका पुरलेल्या सोन्याच्या सशाची जागा दडवलेली होती. १९८२ साली एकाने ससा मिळवला. १९८८ साली उघड झाले की त्याने चित्रे सोडवलीच नव्हती, विल्यम्सच्या जुन्या ओळखीतून जागेचा सुगावा काढला होता. चित्रांचे कोडे खऱ्या अर्थाने सोडवले होते ते भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी, आणि ते हात चोळत राहिले. ससा कुणाला मिळाला हे मला महत्त्वाचे वाटत नाही. मला ते दोन शिक्षक दिसतात, आणि त्यांच्या शेजारी आमच्या बाई.

मोजून बघा एकदा, मराठी कोड्याच्या एका चौकोनात काय काय मावते. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले कोडे छापले, तेव्हापासून इंग्रजीत एका चौकोनात एक सुटे अक्षर बसते. आपल्याकडे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळे एकाच घरात राहते. धुळे दोन चौकोनांचे, जळगाव चार. खानदेश लिहिले तर चार आणि खान्देश लिहिले तर तीन. म्हणजे आपल्या मुलखाचे नाव कोड्यात बसवतानाही आधी कोडेकाराचे मन ओळखावे लागते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात जी पदवी मिळाली ती जुन्या पुस्तकांत ‘बालकवि’ अशी, ऱ्हस्व छापलेली असते. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर शेवटची वि दीर्घ झाली. त्या चौकोनातून खाली उतरणारा शब्द विहीर असेल तर एक वेलांटी लागते, वीट असेल तर दुसरी. कित्येक कोडेकार इथे सूट देतात, काही देत नाहीत, आणि टेबलावर यावरून झालेली भांडणे मी मनापासून भांडले आहे. इतक्या बारीक जागी भाषा कान देऊन ऐकावी लागते. भरीत आणि भरती यांच्यातही अंतर तेवढेच आहे: वेलांटी मधल्या चौकोनावर की शेवटच्या. तुम्ही ती ऐकली नाहीत. तुम्ही फक्त लिहिलीत, शेपूट ओढून.

रस्ता आमचा ठरलेला असायचा: धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. आत्या जळगावला, म्हणून वडील मला एसटीने घेऊन यायचे. ते गिरणीत कामाला होते, शाळा लवकर सुटलेली. पेपर मांडीवर, पेन्सिल कानावर. त्यांचा एकच नियम होता, एरंडोल येईपर्यंत शेवटचा शब्द उच्चारायचा नाही. कळला तरी नाही. मला पारोळ्यालाच कळायचा आणि ओठ दाबून बसायला लागायचे. मग वडील माझ्या तोंडाकडे बघून खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे त्यांनाही कळलेला असायचा. त्या न बोललेल्या वीस-पंचवीस किलोमीटरांसारखे सुख मला नंतर फार वेळा मिळालेले नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळावरून जाताना ते सांगायचे की हा माणूस गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची मोडी दप्तरे धुंडाळायचा, कागद स्वतः वाचल्याशिवाय एक ओळ लिहायचा नाही, आणि आपल्या धुळ्यातच वारला. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव ‘संस्कृत भाषेचा उलगडा’. वडिलांनी तो ग्रंथ वाचला असण्याची शक्यता नाही, पण नाव त्यांना पाठ होते. “उत्तर नको म्हणू,” ते मला सांगायचे, “उलगडा म्हण.” उलगडा म्हणजे घडी उघडत जाणे. ती घडी कुणी आपल्यासाठी आधीच उघडून, चुरगाळून ठेवली तर काय उरते, ते तुम्ही आमच्या टेबलावर येऊन बघायला हवे होते.

येथून चाळीसगावाकडे गेले की पाटणादेवीच्या डोंगराखाली पाटण लागते. तिथल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. आठशे वर्षे झाली त्याला. म्हणजे ‘लीलावती’तली गणिते, भुंग्यांचे थवे, हंसांच्या रांगा, तुटलेला हार, आपल्याच जिल्ह्यात विद्यार्थ्यांपुढे मांडली गेली. त्या ग्रंथात उदाहरण आणि फळ यांच्यामध्ये एक पायरी असते, तिला न्यास म्हणतात. दिलेले आकडे जागच्या जागी मांडणे. न्यास केल्याशिवाय फळाकडे जाता येत नाही. कोड्याची चौकट वहीत उतरवणे हा आमचा न्यास आहे. तुम्ही तो कधीच केला नाहीत.

ऊठसूट बक्षिसांची कोडी निघत, असाही एक काळ होता. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई राज्यात होते. प्रवेश फी भरायची, चौकट भरून पाठवायची. ‘याच्या जाण्याने माणूस खचतो’ असे सूत्र द्यायचे आणि चौकट अशी ठेवायची की मान लिहिले तरी बसते, धन लिहिले तरी बसते. दोन्ही बरोबर. पण आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे जुळेल त्याला हजारो रुपये. मुंबई सरकारने १९४८ साली या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड’ ही प्रसिद्ध स्पर्धा बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चाले आणि तिचे फॉर्म व पैसे गोळा करणारे एजंट मुंबई राज्यातही होते; म्हणून राज्याने १९५२ साली कायदा वाढवून बाहेर छापलेल्या पत्रांनाही तो लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा १९५५ साली आला: महिन्याला १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे नाहीत, परवान्याशिवाय स्पर्धा नाही, २,०००पेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून सुरुवात धरून दाखवले की या देशाने जुगाराला कधी व्यापार म्हणून मान दिलेला नाही. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही, ती जुगार.

नशिबावर चाललेल्या त्या कोड्यांनी किती घरांतली भाजीची पिशवी रिकामी ठेवली असेल याचा विचार केला की मला त्या निकालाचे आजही बरे वाटते. आणि त्याच मोजपट्टीवर मी तुम्हालाही मोजते. आजच्या आमच्या कोड्यात फी नाही, लॉटरी नाही. पोस्टकार्ड आणि बारीक टाइपातले नाव, एवढेच. जिथे पैसा नव्हता तिथे तुम्ही जुगार आणलात. सूचना पाहिलीत, मनात आला तो शब्द लावलात, लागला तर लागला. हरलात तेव्हा मात्र तुमच्या खिशातून काही गेले नाही. डाव तुमचा आणि पैसे बाईंचे. तुम्ही यादीत स्वतःचे नाव तरी पाहिलेत का? माझा अंदाज आहे की तुम्ही पोस्टकार्डही पाठवत नाही. मग कशासाठी लिहिता? टेबलावर पहिले कोण पोहोचले हे दाखवायला? पोहोचला नव्हतात तुम्ही. तुम्ही पायरीवर उभे राहून आतल्यांना ओरडून सांगितलेत की घर बघून झाले.

बडजीत वांगे ठेचताना कधी जवळ उभे राहिला आहात का? मला ते कोडे म्हणूनच आवडले की त्याचा शेवटचा शब्द थंडीतल्या प्रत्येक अंगणात आहे. आमच्याकडची भरताची वांगी लांब, हिरवट-पांढरी, हाताला हलकी. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण बामणोद आणि आसोद्याच्या वांग्यासाठी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून भांडतात. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा. वांगे त्यावर फिरवत राहायचे, साल काळी पडून सुटेपर्यंत. मग साल काढून लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचे. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कढत तेल. सोबत कळण्याची भाकरी. त्या चौकटीत नोकरी होती, पंगत होती, वर नभ होते, आणि त्यांतून एकेक अक्षर घेऊन भरीत तयार होत होते. उघड्या आकाशाखाली शेतात बसलेली पंगत ज्याने पाहिली आहे, त्यालाच कोडेकाराने काय केले होते ते कळेल. बाईंना ते कळले होते. त्यांच्या वहीत ते एकदा बरोबर लिहिले गेले होते. तो कागद आता खोडून पातळ झाला आहे, उजेडात धरला तर मूळची वेलांटी अजून दिसते.

साडेआठला रविवारी वाचनालय उघडते. खिडकीकडून दुसऱ्या खुर्चीवर बाई बसायच्या. गेले दोन रविवार त्या आलेल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आले. गुडघा दुखतो म्हणाल्या. वही टेबलावर होती आणि तिच्यात नवी चौकट नव्हती. येत्या रविवारी मी त्यांना रिक्षाने घेऊन येणार आहे, त्या पुठ्ठ्यावाल्या काकांच्याच. तुम्हीही या. कोण आहात ते बाईंना स्वतः सांगा, मी बोट दाखवणार नाही. पुरवणी आधी त्यांच्या हातात जाईल. आणि तुम्ही कोडे सोडवू शकता की नाही, हे मला एकदा बघायचे आहे, म्हणून या पत्रातही एक शेवटचे उत्तर ठेवले आहे. परिच्छेद बारा आहेत. प्रत्येकाचे पहिले अक्षर काना-मात्रेसकट ओळीने घ्या. पाच शब्द होतात. ते समासात लिहू नका. त्याप्रमाणे करा.

आपल्याच टेबलावरची एक वाचक,
जळगाव